सत्तर पानं काढा म्हणाल्या

"ताई, मी मालवण तालुक्यातली, वय 31, पतसंस्थेत कॅशियर आहे. आजोबा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने जाळं ओढून मासे पकडणारे. चार वर्षं पहाटे साडेचारला उठून मी त्यांच्या रापणीवर कादंबरी लिहिली, टाइप केलेली 312 पानं. एका लेखन कार्यशाळेत पुण्याच्या संपादक मॅडम भेटल्या. नवीन लेखकांच्या संहितेवर त्या काम करतात. 16 हजार ठरले, निम्मे आधी दिले. दोन महिन्यांनी बाड हिरव्या पेनाने भरून परत आलं. पहिली 70 पानं काढा म्हणतात. मालवणी संवादांवर अकरा ठिकाणी 'अर्थ लागत नाही'. पावसाळ्याच्या भागात 'इथे रापणीचा एखादा थरारक प्रसंग घालता येईल का?' आषाढात रापण! आणि शुद्धलेखनाची एकही चूक सुधारलेली नाही, मग पैसे कसले घेतले? ज्यांनी जन्मात ओला दोर हातात धरला नाही त्यांनी मला समुद्र शिकवायचा का? आजोबा दोर ओढताना कधी मागे वळून बघायचे नाहीत, मागचा कोण ढिला पडलाय ते त्यांना हातातल्या दोरावरून कळायचं. अशा माणसाची गोष्ट आहे ही. मामा म्हणतात, सोड त्यांना, पैसे मी देतो, 500 प्रती छापू. मैत्रीण म्हणते, बाई तुझी कथा ढापेल बघ. उरलेले आठ हजार द्यायचे की इथेच थांबायचं? — रापणकाराची नात"

प्रिय नाती,

वयाने मी तुझ्या आईच्या बरोबरीची, तेव्हा अगंतुगं करते. पत्राबरोबर तू पहिली बारा पानं आणि मॅडमच्या शेऱ्यांचे फोटो पाठवलेस हे फार बरं केलंस. नुसत्या पत्रावर लिहायला बसले असते तर तुझ्या बाजूने मॅडमना चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. कोकणातल्या माणसाला घाटावरच्याने समुद्र शिकवायला घेतला की माझंही डोकं फिरतं.

पण आधी माझी फजिती ऐक. माझी पहिली कादंबरी रत्नागिरीकडच्या एका आंब्याच्या बागेवर होती. मुंबईच्या एका संपादकांनी बाड परत पाठवलं, सोबत दोन पानी पत्र. मी अशी काही पेटले की त्यांच्या एकेका मुद्द्याला उत्तर देत नऊ पानी पत्र लिहिलं. कलम कधी बांधतात, मोहोर कशाने करपतो, पेटीत गवत का घालतात, सगळं. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: 'तुमचं पत्र कादंबरीपेक्षा चांगलं आहे, कारण पत्रात तुम्ही कुणाशी तरी बोलताय.' ते कार्ड मी रागाने फाडलं. वाक्य मात्र अजून पाठ आहे.

तुझं पत्र वाचताना तेच झालं. तुझ्या कादंबरीचं पहिलं वाक्य असं आहे: 'रापण ही कोकण किनाऱ्यावरील मासेमारीची पारंपरिक सामूहिक पद्धत असून, तीत होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढली जातात.' समासात हिरव्या पेनाने मॅडमनी विचारलंय, 'हे कोण सांगतंय? कोणाला?' त्यापुढे पानभर जाळ्याची रचना, मग मासळीच्या वाट्यांची पद्धत, मग मोठ्या बोटींच्या पर्ससीन जाळ्यांचा वाद आणि 2016 मध्ये सरकारने घातलेले निर्बंध. सगळं खरं असेल, पण बारा पानांत एकाही माणसाला घाम आलेला नाही.

आणि माझ्याकडच्या पत्रात, चिडून, सहज जाता जाता तू लिहिलंस की आजोबा मागे वळून बघायचे नाहीत, कोण ढिला पडलाय ते दोरावरून कळायचं. त्या एका वाक्यात, अगं, काय काय येऊन बसलंय बघ. दोर एकट्याने ओढायचा नसतो, मागे माणसांची रांग असते, कुणीतरी अंगचोरपणा करतो, आणि पुढच्या म्हाताऱ्याला ते न बघता कळतं. ज्या पुण्याच्या बाईने रापण पाहिली नाही तिलाही ते कळलं असतं, तेही व्याख्या न वाचता. आता पुढचं वाक्य 'त्या दिवशी दोर ढिला पडला आणि आजोबांनी मागे बघितलं' असं आलं तर मी रात्रभर जागून वाचेन. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही, तुला असेल.

'70 पानं काढा' याचा अर्थ मी असा लावते. ती पानं लिहिणं फुकट गेलं नाही. ती तू स्वतःसाठी लिहिलीस, आपल्याला किती माहीत आहे याची खात्री करून घ्यायला. आता फाइलला 'आधीचं' असं नाव देऊन ठेवून दे आणि पुढे लिहिताना जिथे खरंच अडेल तिथे त्यातून मूठभर उचल. माझा अंदाज, सत्तरातली दहा पानं तुकड्यातुकड्याने परत येतील. बाकीची एखाद्या दिवाळी अंकात लेख म्हणून जातील, आणि तिथे ती शोभतीलही.

मॅडमनी ओला दोर धरला नाही, ही तुझी मुख्य तक्रार. मला विचारशील तर याच कामासाठी तू त्यांना पैसे दिलेस. तुझ्या गावातला माणूस बाड वाचेल तेव्हा पानावर जे नाही तेही त्याच्या डोळ्यापुढे उभं राहील, कारण त्याने ते पाहिलंय. तो कुठेच अडखळणार नाही. मॅडम अडखळल्या. त्या नेमक्या कुठे अडखळल्या, याबाबत त्यांच्याशी वाद घालता येत नाही. त्या अडखळल्या म्हणजे अडखळल्या. वाद घालायचा तो पुढच्या टप्प्यावर, जिथे त्या उपाय सुचवतात तिथे. तिथे तुझा अधिकार मोठा.

आषाढातल्या रापणीचंच घे. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते. रापणीला बंदीचा कागद दाखवायचीही गरज नाही, उधाणच अडवतं. तेव्हा तो प्रसंग घालायचा नाही, यात तू शंभर टक्के बरोबर. पण मॅडमना तिथे थरार का हवासा वाटला असेल? तू पाठवलेल्या फोटोंत तो भागही आहे, म्हणून सांगते. दरवाजातून पाऊस, ओटीवरून पाऊस, आजीच्या आठवणीतला पाऊस. भाषा सुरेख आहे, पण चाळीस पानं कुणी कुणाला काही मागत नाही की नाकारत नाही. मॅडमना समुद्राचं पंचांग माहीत नाही, पण चाळीस पानं काही घडत नाही हे त्यांना बरोबर कळलं. पावसाळ्यात रापणकाराच्या घरात काय घडतं ते त्यांना ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे. जाळं विणताना दोन भाऊ एका खोलीत तासन्‌तास समोरासमोर बसतात. दुकानाची उधारी वाढते. कुणीतरी मुंबईला जायचं मनात धरून असतो आणि नारळी पौर्णिमेच्या आत ते बोलून टाकायचं असतं. थरार तिथे आहे. त्याला होडी लागत नाही.

आता मालवणी. पत्रात तू सुचवलंस की मॅडमना मालवणी नकोय. मी फोटो दोनदा झूम करून वाचले. त्यांनी कुठेही 'प्रमाण मराठीत करा' म्हटलेलं नाही. अकरा ठिकाणी अर्थ लागला नाही, एवढंच म्हटलंय. तुझ्या पुस्तकात दोनेकशे तरी मालवणी संवाद असतील. म्हणजे बाकी सगळे त्या बाईला, पुण्यात बसून, लागले! ही तक्रार म्हणून वाचतेस की प्रशस्तिपत्र म्हणून, ते तुझं तू ठरव.

मच्छिंद्र कांबळींच्या मालवणी नाटकांना मालवणी न येणारे लोकही पोट धरधरून हसले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण रंगमंचावर नट असतो, त्याचे हातवारे असतात, समोरच्याचा चेहरा असतो. कागदावर यातलं काही नाही. तिथे ते काम शेजारच्या वाक्याला करावं लागतं. आजी 'तो खंय गेलो?' असं विचारते आणि सून मान न वळवता 'दांड्यावर' म्हणते, एवढं असलं की 'खंय' कुणाला विचारावं लागत नाही. 'चेडवा, हय ये' म्हटल्यावर पोरगी उठून जवळ आली की झालं. तळटिपा नकोत, कंसात अर्थ तर मुळीच नको. त्या अकरा जागा एकेक करून बघ. मला वाटतं आठ ठिकाणी शेजारचं वाक्य बदलून भागेल. दोन ठिकाणी तुलाच कळेल की शब्द केवळ मिरवायला आणलाय. आणि एखाद्या ठिकाणी तू हट्टाने म्हणशील, नाही कळला तर नाही कळला, हा शब्द राहणार. राहू दे.

शुद्धलेखनाचा राग मात्र अगदी अस्थानी आहे. चिऱ्याची कुठली भिंत पाडायची आणि कुठली ठेवायची हे ठरायच्या आधी गिलावा करणारा गवंडी तू घरात घेशील का? संहितेवर काम करणारा संपादक आधी गोष्टीचा सांगाडा बघतो: सुरुवात कुठे, कोण सांगतंय, कुठे रेंगाळलंय, कोण मधेच गायब झालंय. मग वाक्यं. ऱ्हस्व-दीर्घ आणि विरामचिन्हं अगदी शेवटी, आणि ते काम मुद्रितशोधकाचं, बहुतेक वेळा वेगळ्या माणसाचं. ज्या 70 पानांना निरोप द्यायचाय त्यांतल्या वेलांट्या मॅडमनी दुरुस्त केल्या असत्या, तर मी म्हटलं असतं की ह्या बाई तुझे पैसे उधळतायत.

पैशांबद्दल आणखी थोडं. हे काम पूर्वी प्रकाशकाच्या कचेरीतच व्हायचं, लेखकाच्या खिशाला चाट न लागता. गिरगावात खटाववाडीत मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन काम करत. त्यांच्या 'सत्यकथा' मासिकाकडून कथा साभार परत येणं आणि ती पुन्हा लिहिणं हे कित्येक लेखकांचं शिक्षणच होतं. 'सत्यकथा' 1982 मध्ये बंद झालं. नवख्या माणसाच्या बाडावर महिनोन्‌महिने बसायला सवड आणि माणूस असलेल्या संस्था आज मोजक्या आहेत. म्हणून तुझ्या मॅडमसारखी माणसं स्वतंत्रपणे हे करतात आणि मेहनताना घेतात. त्यात गैर काही नाही. गैर तिथे, जिथे पैसे घेणारा 'पुस्तक छापून येईलच', 'पुरस्कार मिळवून देतो' असली आश्वासनं देतो. असला माणूस भेटला तर चहासुद्धा घेऊ नकोस.

तुझी बाई बरी आहे हे मी कशावरून म्हणते? फोटोतल्या शेऱ्यांवरून. बहुतेक शेरे प्रश्न आहेत. तुझं वाक्य खोडून त्यांनी आपलं वाक्य कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या मार्गदर्शकांनी तिच्या कथा इतक्या प्रेमाने सुधारल्या की पुस्तक आलं तेव्हा तिच्या नवऱ्याने विचारलं, ह्या कुणाच्या? ती गुरुभक्तीत इतकी बुडालेली की तिला हरकत घ्यायचं सुचलंच नाही. आपल्याकडे हा घोळ फार. एकतर 'मॅडम म्हणतील तसं', नाहीतर 'मॅडमना काय कळतंय'. मॅडम म्हणतील तसं सगळं करून मोकळी झालीस तर मी तुला आणखी रागावेन.

आणि एक शेरा तर तू पत्रात सांगितलाच नाहीस. पान नऊ. आजोबांची वही, जिच्यात ते कुणाला किती वाटा दिला ते लिहून ठेवत. तू ती दोन ओळींत आटोपली आहेस. समासात हिरव्या पेनाने: 'ही वही पुढे येते का?' फोटोत या प्रश्नाखाली दोनदा रेघ मारलेली दिसते. रापणीचा वाटा कुणाला पूर्ण, कुणाला अर्धा, जो आजारी होता त्याला काय, ज्याची विधवा दारात उभी आहे तिला काय, हे त्या वहीत असणार. मी हा प्रश्न वाचला आणि बराच वेळ दुसरं काही वाचलं नाही. ज्या बाईला हे विचारायचं सुचलं, तिला उरलेले आठ हजार द्यायचे.

देण्याआधी मात्र दोन गोष्टी ईमेलवर लिहून घे, तोंडी नकोत. दुसरा खर्डा त्या पुन्हा पूर्ण वाचणार आहेत ना, आणि कधीपर्यंत. एवढ्याशा अस्पष्टतेवरून पुढे मनं कडू होतात. जमलं तर त्यांना एकदा फोन कर. व्हॉट्सअ‍ॅपवर अशी बोलणी करू नयेत, तिथे साधा प्रश्नही खेकसल्यासारखा दिसतो. फोनवर आषाढाचं सांगून टाक, पंचांगासकट. चांगल्या संपादकाला आपली चूक कळली की आनंद होतो. त्यांना राग आला, तर तेही एकदाचं कळलं.

कथा ढापण्याची भीती जवळजवळ प्रत्येक नव्या लेखकाला वाटते. 1957 च्या कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणापासून संहितेचा स्वामित्वहक्क तुझा आहे, नोंदणी केली नाहीस तरी. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. संपादकाने सूचना केल्या म्हणून त्याचा हक्कात वाटा होत नाही. ऋणनिर्देशात नाव घातलंस की पुरे. 'रापणीवर कादंबरी' ही कल्पना मात्र कुणाच्याच मालकीची नाही, उद्या कुणीही लिहू शकेल. तुझी 312 पानं कुणी उचलू शकत नाही. आणि खरं सांगू? ज्यांना मालवणीचे अकरा संवाद लागले नाहीत त्या तुझ्या आजोबांची गोष्ट चोरून लिहिणार कशा! पुढे प्रकाशकाशी करार करशील तेव्हा हक्क किती वर्षांसाठी देतेयस ते लिहून घे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

मामांना माझा नमस्कार सांग आणि पैसे सध्या बँकेतच ठेवायला सांग. 500 प्रती म्हणजे किती गठ्ठे होतात ते त्यांनी पाहिलेलं नसणार. पलंगाखाली, माळ्यावर, देवघराच्या मागे, आणि मग आपला पावसाळा. बुरशी, कसर, वाळवी, सगळे वाचक आयते. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची चौकशी कर, पण तीही बाड तयार झाल्यावर. आज जे आहे ते छापलंस तर तालुक्यात सत्कार होईल, शाल मिळेल, आणि पान तीनच्या पुढे कुणी वाचणार नाही.

आता तू काय करायचंस. आठ दिवस बाडाला हात लावू नकोस. नवव्या दिवशी मॅडमचे सगळे शेरे एका वहीत स्वतःच्या हाताने उतरवून काढ, फक्त शेरे, आपली उत्तरं नकोत. उतरवताना निम्मा राग निवतो. मी केलंय म्हणून सांगते, पोस्टकार्ड प्रकरणानंतर वर्षभराने का होईना. मग जुनी फाइल उघडून त्यात दुरुस्त्या करत बसू नकोस. कोरी फाइल घे आणि आजोबा मागे बघत नाहीत तिथून सुरू कर. जुन्या फाइलमध्ये काम केलंस की प्रत्येक वाक्य 'मला ठेव' म्हणतं आणि आपण ठेवतो.

ती वही खरीच असेल, माजघरातल्या ट्रंकेत वगैरे, तर हे पत्र वाचून झाल्यावर आधी ती शोध. मे संपत आलाय. पाऊस लागला की तुमच्याकडे कागद मऊ पडतो आणि शाई पसरते. एकेका पानाचा उजेडात फोटो काढ, दोन ठिकाणी साठव, आणि वही कोरड्या कापडात गुंडाळून ठेव. एखाद्या पानावर कुणाच्या नावापुढे वाटा लिहून परत खोडलेला सापडला, तर मला कळव.

तुझी,
ताई